तानूबाईंचं नेमणूकपत्र

अण्णासाहेब नेवासकरांना आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून जमल्या: मसुदा लिहिणं आणि दुसऱ्याच्या मसुद्यातल्या चुका काढणं. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात पस्तीस वर्षं त्यांनी हेच केलं, अवर सचिव होऊन निवृत्त झाले, दिल्लीच्या द्वारका भागात फ्लॅट घेतला आणि मग एकदम रिकामे झाले. रिकामा माणूस बायकोच्या कामात लक्ष घालतो. अण्णासाहेबांनीही घातलं, आणि तिथूनच ही गोष्ट सुरू होते.

त्यांच्या पत्नीचं, उल्काताईंचं, पालमला एका औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ‘गोधडीघर’ होतं. अकरा बायका तिथे गोधड्या शिवायच्या. बहुतेक जणी सातारा-सांगलीकडच्या, फौजी घरांतल्या; नवऱ्याच्या बदलीबरोबर दिल्ली कॅन्टोन्मेंटला आलेल्या. कापड पानिपतहून यायचं, किलोवर घेतलेले तुकडे, आणि चकचकीत दुकानांत त्याच गोधड्या मोठ्या कौतुकानं विकल्या जायच्या.

इथे नोकरी मिळायची एक रीत होती. नवी बाई आली की तिला कुणी काही विचारायचं नाही. भिंतीशी एक जुनी गोधडी असे, तिला ‘हजेरीची गोधडी’ म्हणत. तानूबाई त्या बाईच्या हातात ओवलेली सुई देत आणि त्या गोधडीवर धावदोऱ्याची एक ओळ घालायला सांगत. ओळ झाली की त्या ती डोळ्यांपाशी नेत, उलट बाजूनं बघत. मग एक तर गोधडी घडी करून ठेवून देत, नाही तर कात्रीचं टोक घालून ओळ उसवत. टाका ठेवला तर बाई कामाला लागली. उसवला तर चहा पिऊन घरी गेली. उल्काताई मालक असल्या तरी त्यांनी यात कधी तोंड घातलं नव्हतं.

नोव्हेंबरात देशात नवे कामगार कायदे लागू झाले आणि अण्णासाहेबांच्या अंगात आलं. जुने एकोणतीस कायदे जाऊन चार संहिता आल्या होत्या. त्यांनी त्या छापून आणल्या, लाल-निळ्या रेघा मारल्या आणि एका सकाळी उल्काताई पोळ्या लाटत असताना चष्मा सारखा करत म्हणाले, “तू एम्प्लॉयर आहेस, कळतंय का तुला?”

“अच्छा? मला वाटलं मी स्वयंपाकीण आहे.”

“थट्टा नको. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यावं लागणार आहे. एकूण एकीला. आधीपासून आहेत त्यांनासुद्धा, तीन महिन्यांत. चाळिशीपुढच्यांची वर्षातून एकदा मोफत तपासणी. आणि बाई नोकरीत असेल तर तिच्यावर अवलंबून असलेले सासू-सासरेही आता तिच्या कुटुंबात धरलेत. बघ केवढी गोष्ट आहे!”

“आहे खरी,” उल्काताई मनापासून म्हणाल्या. “आमच्या बायकांना आजवर कुणी कागद दिलाय? रेशनकार्डावरसुद्धा त्या अमक्याच्या पत्नी. द्या तुम्ही पत्रं. पण अहो, साधं लिहा. बिल्कुल साधं.”

साधं लिहा म्हणून सांगणं सोपं आहे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, आणि मसुद्याची खोड त्यानंतरही टिकत असावी. अण्णासाहेबांनी जुन्या फायलीतून एक नमुना काढला. तो त्यांनीच पंचवीस वर्षांपूर्वी कार्यालयासाठी केला होता, आणि त्याच्यावर त्यांचं पोटच्या पोरासारखं प्रेम होतं. चार दिवस बसून त्यांनी तो मराठीत उतरवला. संदर्भ क्रमांक आला, “उपरोक्त विषयास अनुसरून” आलं, खाली “प्रत माहितीसाठी” आलं. अकरा पत्रं, प्रत्येकी अडीच पानं. उल्काताईंनी वरवर नजर टाकली आणि सह्या केल्या, कारण कुकरची तिसरी शिट्टी झाली होती.

जानेवारीच्या पहिल्या शनिवारी गोधडीघरात पेढे आणले आणि पत्रं वाटली. बायकांच्या तोंडावरचा आनंद बघण्यासारखा होता. चंद्रप्रभानं पाकीट उघडण्याआधी हात पदराला पुसले. भीमाबाईनं तिथल्या तिथे फोटो काढून नवऱ्याला लेहला पाठवला. अण्णासाहेब दाराशी मफलर गुंडाळून उभे होते आणि त्यांना वाटत होतं, पस्तीस वर्षांत आपला एकही मसुदा असा वाचला गेला नाही.

तानूबाईंना वाचता येत असे, पण बारीक अक्षर दिसत नसे. त्यांची सून सुनयना तिथेच कामाला होती, ती मोठ्यानं वाचायला लागली. नाव झालं, पत्ता झाला, जन्मतारीख एक जानेवारी एकोणीसशे चौसष्ट. (ती आधारवरची. तानूबाईंच्या पिढीतल्या निम्म्या गावाचा जन्म आधारवर एक जानेवारीलाच झालेला आहे.) मग सुनयनाचा आवाज बारीक झाला.

“‘आपली सेवा प्रथम सहा महिने परिवीक्षाधीन राहील...’”

“म्हंजी?”

“म्हणजे आई... सहा महिने परीक्षा. जमतंय का बघणार.”

“बरं. म्होरं?”

“‘निवृत्तीचे वय साठ वर्षे राहील व सदर वय पूर्ण होताच सेवा आपोआप संपुष्टात येईल.’”

तानूबाईंना बासष्ट पुरी होऊन दोन दिवस झाले होते. म्हणजे ज्या नोकरीतून त्या दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झाल्या होत्या, तिच्यावर आता सहा महिने परीक्षेवर होत्या. अडीच पानं इतक्या काळजीनं लिहिणाऱ्या माणसाच्या हे ध्यानात येऊ नये, याला काय म्हणावं!

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. पण तानूबाई फौजीची बायको. त्यांच्या नवऱ्याला, हिंदुरावांना, फौजेतून असाच कागद आला होता. त्यांनी तो वाचला, डोक्याला लावला आणि संध्याकाळी ट्रंक भरली. त्या घरात कागदाशी कुणी वाद घालत नसे. तानूबाईंनी बोटातलं अंगुस्तान काढून मशिनीवर ठेवलं, कमरेची कपाटाची किल्ली सोडून उल्काताईंच्या हातात दिली.

“तानूबाई, अहो काय हे? काहीतरी चूक झालीय,” उल्काताई म्हणाल्या.

“चूक कशी आसंल ताई? सायबांनी लिव्हलंय. सरकारचा कायदा हाय.” त्या अण्णासाहेबांकडे वळल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, “आमच्या ह्यांस्नी बी ‘आपोआप’च लिव्हलं हुतं.”

पेढा तसाच ठेवून त्या जिना उतरल्या. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

त्या दिवसापासून उल्काताई नवऱ्याशी बोलायच्या थांबल्या. भांडल्या असत्या तर अण्णासाहेबांनी मुद्देसूद उत्तर दिलं असतं. पण त्यांनी आलं न घालता चहा केला आणि तो तसाच पुढे सरकवला.

“मी शुद्धिपत्रक काढतो,” अण्णासाहेब म्हणाले. उल्काताईंनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यांनी तो चहा मुकाट्यानं संपवला.

तिकडे गोधडीघराची पार रया गेली. कोणता रंग कोणाशेजारी हे ठरवायला कुणी नव्हतं. जांभळ्याशेजारी पोपटी आला, चंद्रप्रभा आणि भीमाबाईचं दोऱ्यावरून वाजलं. दोनदा फोन केला तर तानूबाईंनी दोन्ही वेळा तब्येत विचारून, आशीर्वाद देऊन फोन ठेवला. आणि चौदा जानेवारी तोंडावर आली होती. दर संक्रांतीला सगळ्या बायका टेम्पो ट्रॅव्हलर करून पानिपतला जात. आधी काला अंबला जाऊन त्या लढाईत पडलेल्यांना फूल वाहायचं, तिळगूळ ठेवायचा; मग बाजारात जाऊन वर्षाचं कापड घ्यायचं. कापडाचा ढीग बघून त्यातलं कोणतं दहा वर्षं अंगाशी टिकेल आणि कोणतं दोन धुण्यांत विरेल, हे फक्त तानूबाईंच्या बोटांना कळत असे. त्या नाहीत म्हटल्यावर जायचं तरी कशाला, असं सगळ्याच म्हणू लागल्या. उल्काताईंनी गाडी रद्द केली नाही, पण नक्कीही केली नाही.

एका दुपारी अण्णासाहेब जेवून गच्चीवर उन्हात आडवे झाले होते. दिल्लीच्या जानेवारीत ऊन मिळालं तर ते कुणी सोडत नाही. अंगावर त्यांची नेहमीची गोधडी होती, आणि झोप येत नव्हती म्हणून ते तिचे टाके बघत होते. ही गोधडी तानूबाईंचीच. चौदा वर्षांपूर्वी ते सरकारी कॉलनीत राहत होते, हिंदुराव तिथे गेटवर रखवालदार होते. त्या हिवाळ्यात अण्णासाहेबांना कावीळ झाली. दीड महिना अंथरुणात, थंडी काही केल्या जाईना. एका सकाळी गेटवरच्या रखवालदाराची बायको आली, उल्काताईंच्या चार जुन्या सुती साड्या मागून घेऊन गेली आणि आठवड्यानं ही गोधडी आणून पांघरली. “ह्यात थंडी शिरत न्हाई सायेब,” एवढंच म्हणाली. खरंच शिरली नाही. ती गोधडी बघूनच उल्काताईंच्या डोक्यात गोधडीघर आलं. तानूबाईंना कुणी ठेवून घेतलंच नव्हतं; त्यांनीच या घराला ठेवून घेतलं होतं.

आणि आपण पत्रात काय लिहिलं? ‘रुजू दिनांक: १ एप्रिल २०१४.’ गोधडीघराची नोंदणी झाली ती तारीख.

ते उठले आणि संहिता पुन्हा काढली. नेमणूकपत्रात काय असावं, ते बोट ठेवून वाचलं. नाव, जन्मतारीख, कामाचं स्वरूप, रुजू झाल्याची तारीख, पगार, असल्याच गोष्टी. साठ वर्षांचं बंधन त्यांना कुठे सापडलं नाही. परीक्षेवर ठेवाच, असंही कुणी म्हटलेलं नव्हतं. सरकारनं जे मागितलं होतं ते साधं होतं. जे मनाला लागलं ते सगळं अण्णासाहेबांनी पदरचं घातलं होतं. ‘आपोआप संपुष्टात’ हे त्यांनाही एकदा आलं होतं की. पुष्पगुच्छ घेऊन घरी आल्यावर दोन वर्षं ते सकाळी उठून बूट पुसून ठेवत होते. लिहिताना ते कसं आठवलं नाही? अण्णासाहेबांना स्वतःची फार लाज वाटली.

ते तडक ई-रिक्षानं सागरपूरला गेले, बगलेत फाईल मारून. तानूबाई गच्चीवर मटार सोलत बसल्या होत्या. साहेबांना बघून त्या उठल्या, पदर सारखा केला, खुर्ची आणवली, चहा आणवला. आदरात तसूभर कमी नाही. अण्णासाहेबांनी फाईल उघडली आणि खाकरून सुरुवात केली, “पत्र दिनांक तीन जानेवारी, यातील परिच्छेद चार व सात...”

“सायेब,” तानूबाईंनी मटाराची शेंग हातात तशीच धरून विचारलं, “येक सांगा. ह्ये सरकार बोलत हुतं का तुमी?”

खोटं बोलायला जागा होती. ‘सरकारनं आता नियम बदलला’ म्हटलं असतं तर बाई दुसऱ्या दिवशी कामावर आली असती; कागदावर तिचा विश्वास होताच. अण्णासाहेबांच्या ओठांवर ते वाक्य आलंही होतं. पण समोरची बाई एकटक बघत होती.

“मी,” ते म्हणाले. “सरकारनं फक्त नाव, काम, कधीपासून, असं विचारलं होतं. बाकीचं मीच घातलं.”

“का?”

“सवय.”

तानूबाईंनी हातातली शेंग परत ठेवली. मग त्यांचे डोळे भरून आले, आणि हे अण्णासाहेबांनी पहिल्यांदाच पाहिलं. “सरकारनं घालवलं आसतं तर मला कायबी वाटलं नसतं. सरकार मला वळखत न्हाई. तुमी वळखता.” त्यांनी डोळे पुसले. “च्या घ्या, गार हुतोय.”

खरं बोलायला गेले आणि होतं तेही गेलं. अण्णासाहेब चहा पिऊन उठले. शुद्धिपत्रक फाईलमध्येच राहिलं.

घरी येऊन त्यांनी उल्काताईंना झालं ते सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. उल्काताईंनी ऐकून घेतलं आणि आठ दिवसांत पहिल्यांदा बोलल्या, “खरं सांगितलंत ते बरं केलंत.” चहात त्या दिवशी आलं होतं.

दुसऱ्या दिवशी अण्णासाहेब गोधडीघरात गेले, कोपऱ्यात मांडी घातली आणि म्हणाले, “मला सुई द्या.”

बायका आधी एकमेकींकडे बघून हसल्या. पण माणूस हसण्यावारी न्यायच्या मनःस्थितीत नव्हता. भीमाबाईनं सुई ओवून दिली. त्यांनी हजेरीची गोधडी मांडीवर घेतली. इतक्या वर्षांच्या ओळी तिथे एकाखाली एक होत्या. पुढे गावी गेलेल्या, बदली होऊन जोधपूरला गेलेल्या बायकांच्या, एक तर वारलेल्या बाईचीही. त्यांच्याखाली अण्णासाहेबांनी ओळ घालायला घेतली. सुई बोटात जात होती, टाका एक वीतभर तर एक मुंगीएवढा. ज्या हातानं हजारो फायलींवर सही केली त्याला एक सरळ रेघ जमेना. सकाळी बसलेले ते दुपारचा चहा येईपर्यंत उठले नाहीत. ओळ पुरी झाल्यावर त्यांनी गोधडी घडी करून सुनयनाच्या हातात दिली.

“सासूबाईंना दे.”

“आणि काय सांगू, काका?”

“काही सांगू नकोस. त्यांना माहीत आहे काय करायचं ते.”

चौदा तारखेला सकाळी पालमला धुकं इतकं होतं की औषधांच्या दुकानाची पाटी दिसत नव्हती. उल्काताईंनी गाडी शेवटी बोलावली होती. बायका स्वेटरवर काठाच्या साड्या नेसून, तिळगुळाचे डबे घेऊन उभ्या होत्या. अण्णासाहेब खिशात एक कागद घेऊन फुटपाथवर येरझाऱ्या घालत होते. ड्रायव्हर दोनदा म्हणाला, “चलो जी, देर हो रही है.” उल्काताई म्हणाल्या, “पाँच मिनट, भैया.” अशी ‘पाच मिनिटं’ तीनदा झाली.

मग धुक्यातून आधी सुनयना दिसली आणि तिच्यामागे, हातावर गोधडी टाकलेल्या तानूबाई.

त्या सरळ अण्णासाहेबांपुढे येऊन उभ्या राहिल्या आणि गोधडी उलगडली. अण्णासाहेबांनी चष्मा पुसून बघितलं. त्यांच्या ओळीचा सुरुवातीचा भाग उसवलेला होता, सुईची भोकं तेवढी दिसत होती. शेवटची वीतभर ओळ मात्र तशीच होती.

“आर्धी उसवली,” तानूबाई म्हणाल्या. “सुरवात लई वाकडी हुती. शेवटाकडं हात बसलाय तुमचा.” त्यांनी गोधडीची घडी करून ती अण्णासाहेबांच्या हातात दिली. “सा म्हैनं बगू.”

आधी चंद्रप्रभाला हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. अण्णासाहेबांनी हसत हसत नाक पुसलं, आणि ते थंडीनं गळत होतं असं समजायला आपली काही हरकत नाही. त्यांनी खिशातला कागद काढून दिला. हातानं लिहिलेला, मोठ्या अक्षरात, म्हणजे तानूबाईंना कुणाकडून वाचून घ्यायला नको. पगार, जन्मतारीख, कायद्याला हवं ते सगळं होतं. पण तानूबाईंनी ओठ हलवत वाचल्या त्या तीन ओळी.

‘काम: टाका ठेवायचा की उसवायचा, हे ठरवणे.

कामावर कधीपासून: जानेवारी २०१२, अण्णासाहेबांच्या काविळीच्या हिवाळ्यापासून.

कधीपर्यंत: तानूबाई म्हणतील तोपर्यंत.’

त्यांनी तो पुन्हा एकदा वाचला. मग घडी करून डोक्याला लावला. ते बघून उल्काताईंना राहवलं नाही, त्यांनी रस्त्यातच त्यांना मिठी मारली, आणि पिशवीतून अंगुस्तान आणि किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली.

“ह्यांचा कागूद ट्रंकेत हाय,” तानूबाई किल्ली कमरेला लावत म्हणाल्या. “त्येच्याशेजारी ठेवीन. त्येबी वरनं बगतील, म्हनतील, तानू लागली कामाला.”

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. अण्णासाहेब सवयीनं पुढच्या सीटकडे निघाले. दर वर्षी तिथे तेच बसत. पण दाराशी पोचेपर्यंत तानूबाई आत चढून बसल्याही होत्या, पदर मांडीवर नीट घेऊन, समोरच्या काचेतून पानिपतच्या रस्त्याकडे बघत.

“सायेब, नवी मान्सं मागं,” त्या म्हणाल्या.

अण्णासाहेब मागे गेले, हजेरीची गोधडी गुडघ्यांवर पांघरून भीमाबाई आणि तिळगुळाच्या डब्यांच्या मध्ये बसले, आणि गाडी निघाली.